येथपर्यंत तपासले

लातूरला औसा रोडवर एका दुमजली घराच्या माडीवर विहिरींच्या पाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या एका संस्थेचं कार्यालय होतं. शिवशंकर बिडवे तिथं बावीस वर्षं नोकरीला होते. पगारपत्रकावर पद वरिष्ठ लिपिक. पण शिपायापासून संचालकापर्यंत सगळे त्यांना अप्पाच म्हणत. एकतीस मे रोजी ते निवृत्त होणार होते आणि टेबलाचे चारही खण त्यांनी एप्रिलमध्येच आवरून ठेवले होते. कुठल्या खणात काय आहे याची यादी त्या त्या खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली होती.

अप्पा वाणिज्य शाखेचे पदवीधर. लातूरलाच शिकले. कॉलेजात त्यांनी जे काही वाचलं त्यातलं बरंचसं विसरले, पण एक सवय अंगात मुरली ती मुरलीच. दिवसाचं काम संपलं की शेवटच्या नोंदीखाली रेघ मारायची आणि सही करायची. रेघेच्या वरचं माणसानं पाहिलेलं, रेघेच्या खालचं अजून पाहायचं. संस्थेत रजिस्टरं होती तोवर अप्पा तेच करत. नंतर रजिस्टरं गेली, संगणक आला, विहिरींत पाणीपातळी मोजणारी यंत्रं बसली आणि सगळ्या नोंदी एका फाइलीत जाऊ लागल्या. तेव्हा अप्पांनी प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला अडवून विचारलं, "रेघ कुठं मारायची?"

तो हसला. पण अप्पा हटेनात, तेव्हा त्यानं फाइलीच्या शेवटी एक ओळ येईल अशी सोय करून दिली. 'येथपर्यंत तपासले', मग तारीख, मग नाव. फाइलीत अशी ओळ एकच असायची, अगदी तळाला. दुसऱ्या दिवशी कालची ओळ काढायची, आजच्या तपासलेल्या नोंदी लावायच्या आणि त्यांच्याखाली आजची ओळ लिहायची.

तपासणं म्हणजे काय, तर फोन. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या दोनशे बारा विहिरींवर यंत्रं होती आणि दर दहा मिनिटांनी एकेक यंत्र आपली पातळी पाठवायचं. त्यातल्या चाळीस गावांत अप्पांनी एकेक माणूस धरून ठेवला होता. तो माणूस रोज दुपारी आपल्या हातानं विहिरीत दोर सोडून पाणी मोजायचा. तीन ते पाच अप्पा या चाळीस जणांना फोन करत आणि यंत्राचा आकडा नि दोराचा आकडा शेजारी शेजारी ठेवत. जुळला तर ठीक. नाही जुळला तर त्या भागातली यंत्रं कुणीतरी जाऊन बघायचं. मग सहा वाजता गावागावांत संदेश जाई की उद्या मोटार किती तास चालवायची.

या चाळीस जणांत सरजाबाई सगळ्यांत जुनी. देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला लागून सावळी नावाचं गाव आहे, तिथली. सहा वर्षांपूर्वी सावळीच्या यंत्राला गाळ चिकटला आणि ते नऊ दिवस एकच आकडा सांगत बसलं. यंत्राच्या मते विहीर भरलेली. सरजाबाईचा दोर मात्र रोज एकेक गाठ खाली जात होता. अप्पांनी दोरावर विश्वास ठेवला म्हणून मोटार बंद झाली आणि उन्हाळा कसाबसा निघाला.

आता अडचण काय झाली, तर फाइल वाढली. आठ वर्षांत नऊ कोटींच्या आसपास ओळी. आणि तो जुना प्रोग्राम कालची ती एक ओळ काढण्यासाठी काय करायचा, तर पहिल्या ओळीपासून अख्खी फाइल वाचायचा, वाचता वाचता दुसऱ्या फाइलीत उतरवून काढायचा, तळाची ओळ तेवढी गाळायचा. सुरुवातीला दोन सेकंद लागत. यंदाच्या मेमध्ये पन्नास मिनिटं लागत होती. अप्पा पाचला काम सुरू करत आणि सहाला दहा कमी असताना ते संपे. मध्ये वीज गेली की बॅटरीवर वीस मिनिटं निघत, मग संगणक बंद, आणि वीज आल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून. एप्रिलमध्ये पाच वेळा संदेश चुकला.

संचालक आलोक सर चाळिशीच्या आतले, कामाचे पक्के. पाच मेच्या बैठकीत त्यांनी सरळच सांगितलं.

"अप्पा, एकोणीस तारखेपासून ही तपासल्याची ओळ बंद करू. यंत्राचे आकडे थेट जाऊ द्या. शंभरातले सत्त्याण्णव बरोबर असतात."

"आणि फोन, सर?"

"ओळच नाही तर फोन कशाला? तसेही तुम्ही महिनाअखेर चाललात. तुमच्यामागं दोन तास फोनवर कोण बसणार?"

जेवणाच्या सुट्टीत अप्पांनी डबा उघडला आणि तसाच झाकला.

समोर उर्वी बसली होती. नांदेडची मुलगी, इंजिनिअर, दीड वर्षापूर्वी संस्थेत आलेली. तिच्याकडून अप्पा रोज जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं पायथन शिकत. पायथन म्हणजे संगणकाला कामं सांगायची एक भाषा. त्यासाठी अप्पांनी दोनशे पानी वही केली होती, पहिल्या पानावर अनुक्रमणिका. कुठली यंत्रं आज गप्प आहेत याची यादी काढणारा एक लहानसा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता आणि त्याचं त्यांना मनातून फार कौतुक होतं.

"भाजी गार होऊन राहिली अप्पा," उर्वी म्हणाली.

"मला एक सांग. सहाचा संदेश पाठवणारा जो दुसरा प्रोग्राम आहे, तो तळाची ओळ बघतो ना? आजची तारीख असली तरच पुढं जातो."

"हो. आणि तिच्या वरच्या आजच्या नोंदी उचलतो."

"मग तो तळाशी जातो कसा? वरून वाचत येतो?"

"छे. उडी मारतो. फाइल किती लांब आहे ते संगणकाला माहीतच असतं. त्याला सांगायचं, बोट शेवटाला ने. सीक म्हणतात त्याला."

"मग आपलाच प्रोग्राम का वरून चालत येतो?"

उर्वीचा घास हातात राहिला. तिनं या गोष्टीकडे कधी पाहिलंच नव्हतं. तो प्रोग्राम ती यायच्या आधीचा. चालत होता म्हणून चालत होता.

"वाचायला उडी मारता येते," ती सावकाश म्हणाली. "खोडायचं म्हणलं तर... मधली ओळ काढायची असली तर तिच्यामागचं सगळं पुढं सरकवावं लागतं. पण आपल्याला मधली काढायचीच नाही. शेवटची काढायची. तिच्यामागं काहीच नाही." तिनं पोळी खाली ठेवली. "अप्पा, शेवट नुसता कापता येतो. बोट न्यायचं आणि सांगायचं, इथून पुढचं काप. ट्रंकेट. नऊ कोटी ओळींना हातसुद्धा लावायचा नाही."

"रजिस्टरचं शेवटचं पान बदलायला अख्खं रजिस्टर उतरवून काढत होतो म्हणजे आपण. आठ वर्षं."

"तुम्ही नाही, तो."

"मी बघत होतो ना."

मग त्यांनी भाजी खाल्ली. गार होती, पण खाल्ली.

हा प्रोग्राम आपणच लिहायचा असं अप्पांनी ठरवलं. उर्वीनं पहिल्याच दिवशी ताकीद दिली. "फाइल उघडताना डब्ल्यू लिहू नका. उघडल्या उघडल्या ती रिकामी होते. आठ वर्षं जातील." अप्पांनी वहीत ते लाल शाईनं लिहिलं आणि चौकट केली. शिवाय दर रविवारी फाइलीची दुसरी प्रत वेगळ्या डबीत, म्हणजे हार्डडिस्कवर, काढून ठेवण्याचा त्यांचा नेम होताच.

घरी चंद्रप्रभाबाईंनी विचारलं, "निवृत्तीला पंधरा-वीस दिवस राहिले. लोक या दिवसांत पार्टीचं बघतात. तुम्ही काय परीक्षेला बसलाय?"

"बसलोय म्हण."

"पास झालात तर काय मिळणार?"

"सरजाबाईचा फोन चालू राहील."

चंद्रप्रभाबाईंनी सरजाबाईला कधी पाहिलेलं नव्हतं. तसं अप्पांनीही नव्हतं पाहिलं. पण आठ वर्षं रोज दुपारी पावणेचारला नवरा ज्या बाईशी बोलतो, तिच्याबद्दल त्यांना घरच्यासारखीच माहिती होती. सुनेचं नाव नागम्मा, ती तेलंगणातली; सरजाबाईच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला भिते.

सराव करण्यासाठी अप्पांनी छोटी फाइल केली. उर्वीनं शिकवलेली सगळी उदाहरणं इंग्रजीत होती, म्हणून ही फाइलही त्यांनी इंग्रजीतच टाइप केली. शेवटच्या ओळीत अक्षरं किती ते संगणकाकडून मोजून घेतलं, बोट शेवटाला नेलं, तितकी घरं, म्हणजे फाइलीतल्या जागा, मागं आणलं, आणि कापलं. दहा वेळा केलं. दहाही वेळा ओळ स्वच्छ निघाली. शेवटच्या वेळी त्यांनी वहीत पान क्रमांक टाकला आणि पेन खिशाला लावलं.

तेरा मे, मंगळवार. फोन पाचला संपले. कालची ओळ होती, 'येथपर्यंत तपासले, १२-०५-२०२५, शिवशंकर'. संगणकानं मोजून दिलं, ओळ संपल्याची खूण धरून अडतीस. अप्पांनी अडतीस घरं मागं जाऊन कापलं, आजच्या नोंदी लावल्या, आजची ओळ लिहिली. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. पाच वाजून चार मिनिटं झाली होती. त्यांनी स्वतःसाठी चहा सांगितला. कार्यालयात ते स्वतःसाठी कधी चहा सांगत नसत.

सहाला संदेश गेला नाही.

सहा वाजून पाच मिनिटांनी उर्वीनं फाइलीचा तळ उघडून पाहिला. आजच्या नोंदींच्या वर एक तुटकी ओळ लटकत होती. 'येथपर्यंत तपासले, १२-०' आणि तिच्यापुढं काळ्या चौकोनात एक प्रश्नचिन्ह, आणि त्याला चिकटूनच आजची पहिली नोंद. संदेशाचा प्रोग्राम त्या प्रश्नचिन्हाशी येऊन अडखळला होता आणि पुढं जायला तयार नव्हता.

"हे काय आलं मध्येच?" अप्पांनी विचारलं.

"पाच आहे तो," उर्वी म्हणाली. "महिन्यातला. अर्धा कापला गेला."

"आकडा अर्धा कसा कापेल?"

"इंग्रजी अक्षर एका घरात बसतं अप्पा. आपलं देवनागरी अक्षर तीन घरं घेतं. काना, मात्रा, वेलांटीलाही तीन तीन. तुम्ही अडतीस अक्षरं मोजली आणि अडतीस घरं कापली. ओळ अठ्ठ्याण्णव घरांची होती."

अप्पांनी खुर्चीला पाठ टेकली. बावीस वर्षं मराठीत नोंदी ठेवणाऱ्या माणसानं सराव इंग्रजीत केला होता.

रविवारच्या प्रतीला सोमवार-मंगळवारच्या नोंदी जोडून सगळं पूर्ववत व्हायला पावणेआठ वाजले. संदेश तेव्हा गेला. आलोक सर दारात उभे होते. रागावले नाहीत. रागावले असते तर अप्पांना बरं वाटलं असतं.

"अप्पा, राहू द्या आता," ते म्हणाले. "जाता जाता कशाला डोक्याला ताप करून घेता. एकोणीसचं ठरलंय ते ठरलंय."

"शुक्रवारपर्यंत द्या सर. खऱ्या फाइलीला मी हात लावणार नाही. प्रतीवर दाखवतो."

आलोक सरांनी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो असा अप्पांनी लावला.

बुधवारी अप्पा हिशेब करत बसले. अक्षरं गुणिले तीन. पण मधली रिकामी जागा एकाच घराची, स्वल्पविराम एका घराचा, तारखेतली आडवी रेघ एका घराची. त्यांनी वहीत तक्ता आखला. उर्वीनं वाकून पाहिलं.

"आणि तुमच्याऐवजी दुसऱ्याचं नाव आलं तर?"

"तक्ता बदलायचा."

"रोज?"

अप्पांनी पट्टी खाली ठेवली. तक्ता सुबक झाला होता.

पावणेचारला सावळीला फोन लागला. आधी नागम्मानं सासूला तेलुगूत हाक मारलेली ऐकू आली, "अत्तम्मा, लातूर अप्पा," आणि मग सरजाबाई.

"काय अप्पा, जित्ते हाव न्हवं?"

"हाय की. का?"

"काल सांजच्याला मेसेज न्हाई आला. समदे माझ्या दारात. तुझा अप्पा कुटं गेला म्हणून राहिले. म्या म्हणलं, माझा कव्हा झाला."

"चूक झाली बाई. माझ्या हातून झाली."

"होतीय. शेजारचा किशन म्हणला, मोटार चार तास लावू. म्या म्हणलं, चावी माझ्यापाशी हाय, मेसेज येस्तोवर बस गप. आला मग आठाला." ती खोकली. "घ्या, लिवा. सतरा गाठी. काल सोळा व्हत्या."

दोराला हाताहातावर गाठी मारलेल्या. सतरा हात म्हणजे साडेपंचवीस फूट. यंत्राचा आकडा तोच होता. अप्पांनी लिहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पण आठ वर्षांत न विचारलेली गोष्ट त्यांनी विचारली.

"सरजाबाई, तुम्हाला दिसत नाही म्हणता. मग सतरा गाठी मोजता कशा?"

"मोजतंय कोण?"

"म्हणजे?"

"आवं, रोज रोज धरनं कोण मोजील? चिंधी हाय न्हवं. दोराच्या टोकाला दगड हाय; काल तो पान्याला लागला तव्हा काठावर जी गाठ व्हती तिला चिंधी बांधून ठिवते. आज दगड पान्याला लागला की काठावरची गाठ मुठीत धरायची आन् दोर वर वढायचा. मुठीपास्नं मागं हात फिरवीत जायाचं. चिंधी हाताला लागली की थांबायचं. एक गाठ मागं लागली तर सोळाचे सतरा. मग ती चिंधी सोडायची आन् मुठीपाशी बांधायची. झालं."

"डोळ्यांनी बघायचं कामच नाही."

"डोळ्याला दिसत न्हाई म्हणून तर. हाताला लागतंय ना."

"आणि चिंधी लहान-मोठी असली तर?"

"अप्पा, डोसकं ठिकानावर हाय का? चिंधी कितीबी असू, गाठ ती गाठच की."

अप्पांनी फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावायचं विसरून तसेच बसले. मग उर्वीला हाक मारली.

"ओळ संपली की संगणक तिथं एक खूण ठेवतो ना? दिसत नाही ती."

"हो. प्रत्येक ओळीच्या शेवटी."

"तिला किती घरं?"

"एक."

"ते एक घर आपल्या एखाद्या अक्षराच्या पोटात चुकून सापडेल का? तीन घरांतलं एखादं?"

"नाही. तशी रचनाच आहे. ती खूण म्हणजे ओळीचाच शेवट, दुसरं काही असूच शकत नाही."

"मग मोजायचंच नाही," अप्पा म्हणाले. "शेवटाला जायचं, तिथून मागं हात फिरवीत यायचं, गाठ लागली की थांबायचं आणि तिच्यापुढचं कापायचं. ओळ केवढी का असेना."

उर्वीनं विचारलं, "अप्पा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सरजाबाईनं. देगलूर तालुका."

गुरुवारी त्यांनी प्रोग्राम लिहिला. फाइल घरांच्या हिशेबानं उघडायची, अक्षरांच्या नाही. शेवटची पाचशे घरं उचलायची आणि त्यांत मागच्या बाजूनं खूण शोधायची. सराव या वेळी मराठीत; खऱ्या फाइलीच्या तळाच्या हजार ओळी वेगळ्या काढून त्यांवर. चालवला. काहीच झालं नाही. तपासल्याची ओळ जागच्या जागी होती. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. कापलं तर जात नव्हतंच, उलट जुन्या ओळीखाली नवी ओळ बसत होती.

अर्धा तास अप्पा पडद्याकडे बघत होते. उर्वीनं काय झालंय ते दोन मिनिटांत ओळखलं होतं, पण ती मुद्दाम गप्प होती. पावणेचार वाजले, फोन लावायची वेळ झाली.

"अठरा," सरजाबाई म्हणाली. "लई उतरून राहिलं औंदा."

"बाई, कालचं अजून एकदा सांगा. मूठ धरली, मागं हात फिरवला. पहिली गाठ लागली की?"

"पैली कंची?"

"हाताला पहिली लागते ती."

"ती तर मुठीतच असती. तिला धरायचं न्हाई, ती आजची. तिच्या मागली."

अप्पा हसले. कार्यालयात दोघांनी माना वर केल्या. तळाची ओळसुद्धा ओळच. तिच्याही शेवटी खूण होतीच, आणि त्यांचा प्रोग्राम मागं यायला निघाला की पहिल्याच पावलाला तिला धरून थांबत होता. मुठीतली गाठ. त्यांनी एक घर सोडून शोधायला सुरुवात करावी असं लिहिलं आणि चालवलं. ओळ निघाली. मुळासकट, एकही काना-मात्रा मागं न ठेवता.

"तुला कळलं होतं," ते उर्वीला म्हणाले.

"हो."

"मग?"

"तुम्ही फोनवर होता."

शुक्रवारी पाचला आलोक सर अप्पांच्या खुर्चीमागं उभे राहिले. आदल्या दिवशी काढलेल्या पूर्ण प्रतीवर, नऊ कोटी ओळींवर, अप्पांनी प्रोग्राम चालवला. कळ दाबली आणि बोट उचललं तोवर झालं होतं. आलोक सरांना वाटलं अजून सुरू व्हायचंय.

"झालं?"

"झालं सर. तळ बघा."

त्यांनी पाहिलं. आदल्या दिवशीची ओळ नाही, आजच्या नोंदी, आजची ओळ. मध्ये काहीही तुटकं नाही. उर्वीनं संदेशाचा प्रोग्राम त्या प्रतीवर लावून दाखवला. तो न अडखळता पुढं गेला. मग अप्पांनी विचारलं, "खऱ्या फाइलीवर लावू?" सर हो म्हणाले. पाच वाजून सात मिनिटांनी सगळं संपलं. पावणेसहाला वीज गेली, तेव्हा ती कुणी मोजलीसुद्धा नाही. सहाला बॅटरीवरच संदेश गेला.

आलोक सर खुर्ची ओढून बसले.

"वेळेचा प्रश्न मिटला अप्पा, मान्य. पण फोनचा आहेच. चाळीस गावं, दोन तास. तुम्ही पंधरा दिवसांत जाणार. पुढं कोण करणार, ते सांगा. मी नाही म्हणत नाही, माणूस दाखवा."

अप्पांकडे खणांच्या याद्या होत्या, चाळीस जणांचे नंबर होते, कुणाला दुपारी झोपेतून उठवायचं नाही आणि कुणाला ऐकू कमी येतं याचीही नोंद होती. माणूस नव्हता.

"मी करते," उर्वी म्हणाली. "पण दोन तास नाही. वीस गावं आज, वीस उद्या. यंत्र दोन दिवसांत एकदा पडताळलं तरी पुरे आहे. फक्त जिथं पाणी रोज उतरतंय तिथं रोज."

अप्पांच्या तोंडावर नाही आलं होतं. चाळीसच्या चाळीस रोज, असा त्यांचा आठ वर्षांचा नेम. त्यांनी खण उघडला, यादी बाहेर काढली, थोडा वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिले.

"सावळी रोज," ते म्हणाले.

"सावळी रोज," उर्वी म्हणाली.

आलोक सर उठले. "मग एकोणीसचं रद्द," एवढंच बोलून आत गेले.

पुढचे दहा-बारा दिवस उर्वी फोनवर आणि अप्पा शेजारी. पहिल्या दिवशी सरजाबाईनं तिला आकडा सांगायला साफ नकार दिला. ही कोण, कुणाची, लग्न झालंय का, पगार किती, एवढं विचारून झाल्यावर म्हणाली, "अप्पाला दे." अप्पांनी रिसिव्हर घेतला नाही. उर्वी चिकटून राहिली. चौथ्या दिवशी आकडा मिळाला. आठव्या दिवशी उर्वीनं नांदेडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सरजाबाईच्या ऑपरेशनची तीस मेची तारीखसुद्धा घेऊन टाकली, जे अप्पांना आठ वर्षांत जमलं नव्हतं.

"भ्या वाटतंय म्हणाली ती मला," अप्पा म्हणाले.

"मलाही म्हणाली. मी म्हणलं, आत्या, माझी मावशी तिथंच नर्स आहे, ती तुमच्या उशाशी बसेल. तुम्ही भिऊ नका म्हणत राहिलात अप्पा. सोबत कोण, ते सांगायचं होतं."

तीस मे, शुक्रवारी अप्पांनी रजा टाकली. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात रजा घेणारा माणूस ते नव्हेत. पण त्यांना एक गोष्ट बघायची होती आणि ती घरी राहिल्याशिवाय दिसली नसती. दिवसभर चंद्रप्रभाबाईंनी त्यांना आंबे चिरायला लावले. पाच वाजले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सहाला चंद्रप्रभाबाईंचा मोबाइल वाजला. त्यांच्या माहेरचं गाव, शिरूर अनंतपाळजवळचं, दोनशे बारांत होतं आणि अप्पांनीच कधीकाळी त्यांचा नंबर त्या यादीत घातला होता. उद्या मोटार दोन तास.

"आला बघा तुमचा संदेश," त्या म्हणाल्या.

"माझा नाही," अप्पा म्हणाले आणि आंब्याची कोय ताटात ठेवली.

एकतीस तारखेला शाल-श्रीफळ चारला ठरलं होतं. अप्पांनी ते साडेपाचला ढकलायला लावलं, फोन संपायचे होते म्हणून. उर्वीनं शेवटचा फोन केला, नोंदी जुळवल्या आणि उठून खुर्ची अप्पांना दिली. त्यांनी फाइलीचा तळ उघडला. तिथं कालची ओळ होती. 'येथपर्यंत तपासले, ३०-०५-२०२५, उर्वी'.

शिवशंकरपेक्षा नाव आखूड. तक्ता वापरला असता तर तो इथं चुकला असता.

अप्पांनी प्रोग्राम चालवला. उर्वीची ओळ निघाली, आजच्या नोंदी बसल्या, आणि तळाशी त्यांचं नाव आलं. तारीख एकतीस. उद्या ते निघणार होतं आणि तिथं पुन्हा तिचं येणार होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, तळ एकदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि फाइल बंद केली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. उर्वीनं उचलला, ऐकलं आणि हात रिसिव्हरवर ठेवला.

"सरजाबाई आहेत. ऑपरेशनची पट्टी उद्या निघणार म्हणतात. विचारतात, आता दिसायला लागलं तर गाठी मोजायच्या का हातानंच बघायचं."

"तिला म्हणावं, हातानंच," अप्पा म्हणाले, आणि शाल घ्यायला आत गेले.